एअर रायफलचा ग्रुप वीस शॉटनंतर वर सरकतो, आणि कंपनी म्हणते ‘टेस्टेड ओके’

ब्रेक बॅरल, म्हणजे नळी सांध्यात वाकवून छर्रा भरायची, स्प्रिंग एअर रायफल आहे, सुरुवातीचे पंधरा-वीस शॉट छान पडतात, मग ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा भोकांचा पुंजका, हळूहळू वर आणि उजवीकडे सरकतो, फाटतो. स्क्रू आवळले की दोन दिवस बरी चालते, परत तेच. कंपनीकडे पाठवली की ‘टेस्टेड ओके’ची चिठ्ठी लावून परत येते. असं कुणाचं होत असेल तर हे सावकाश वाचा. आमची रायफल २०२५च्या फेब्रुवारी ते जून या काळात तीनदा कंपनीत जाऊन आली आणि तिन्ही वेळा दोष जिथल्या तिथे होता. तो शेवटी घरीच सापडला, वहिनीच्या नेलपॉलिशने.

रायफल माझ्या पुतणीची. १ ऑगस्ट २०२४ला कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं, तो सामना तिने घरी मोबाईलवर पाहिला आणि त्या दिवसापासून दादाच्या मागे लागली. दसऱ्याला रायफल घेतली. ४.५ मिलिमीटरची, देशी बनावटीची, आमच्या ऐपतीतली. मी साताऱ्यात एमआयडीसीत एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर व्हर्नियर, डायल आणि फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) हातात असतात. त्यामुळे रायफल बिघडली की ती ‘काका, बघा ना’ म्हणत माझ्याकडेच येते.

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट, कारण यात हात जातो. बॅरल मोडलेली, म्हणजे खाली वाकवून उघडलेली असताना ट्रिगरला बोट लावू नका. बॅरल झटक्याने मिटते आणि बोटं सापडतात. छर्रा भरताना दुसऱ्या हाताने बॅरल घट्ट धरून ठेवा. रिकामी फायर करू नका, पुढे छर्रा नसला तर पिस्टन हवेच्या गादीशिवाय आपटतो आणि सील जातं. मागचा स्प्रिंगचा भाग घरी उघडू नका, स्प्रिंग आत दाबून बसवलेली असते. आणि कुणी कितीही सांगितलं तरी नळीच्या मागच्या भोकात तेल ओतू नका. हवा दाबली गेली की तापते, तेल पेटतं, धूर येतो, धडाका मोठा होतो आणि सील जळतं. आमच्या ओळखीतल्या एकाने शिलाई मशीनचं तेल सोडून चांगल्या रायफलचं वाटोळं केलं.

आता मूळ त्रास. जानेवारीपर्यंत पोरगी ओपन साइटवर, म्हणजे उघड्या खाचेतून नेम धरून मारायची, तेव्हा फारसं काही जाणवलं नाही. जानेवारीत पीप साइट (बारीक भोकातून नेम धरायची) लावली आणि तिथून सगळं बिघडलं. पहिले पंधरा शॉट नऊ-दहात, पंचविसाव्या शॉटपर्यंत आठ, पुढे सात. दहा मीटरच्या रायफल टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि एकेक वर्तुळ अडीच मिलिमीटरने बाहेर जातं. म्हणजे मारा तीन मिलिमीटर सरकला की एक गुण गेलाच. मारणाऱ्याच्या श्वासाने, हाताने, थकव्यानेही तेवढं सरकतं. म्हणूनच हा दोष ओळखू येत नाही आणि म्हणूनच कंपनीला हात झटकणं सोपं जातं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मी पहिला फोन केला तेव्हा पलीकडच्या माणसाने रायफलचा नंबरसुद्धा विचारला नाही. म्हणाला, “मुलगी नवीन आहे ना? नेम बसायला वेळ लागतो.” पोरगी शेजारीच उभी होती, फोन स्पीकरवर होता. तिच्याकडे एक दोनशे पानी वही आहे, प्रत्येक सरावाचा हिशोब त्यात लिहिते. मार्चमध्ये मी ती वही चाळली. पानामागून पान, विसाव्या शॉटच्या पुढे समासात बारीक अक्षरात ‘माझी चूक’, ‘माझी चूक’, ‘परत माझीच चूक’. मला त्या फोनचा राग तेव्हा आला त्याहून जास्त ती वही बघून आला. आमच्याकडे एखादा जॉब लाइनवर परत आला तर आधी गेज तपासतो, मग मशीन, मग सेटिंग, आणि माणसाचं नाव सगळ्यात शेवटी घेतो. इथे सुरुवातच माणसापासून, तीही नववीतल्या पोरीपासून.

तर पहिलं काम हेच करा: मारणारा यातून बाजूला काढा. तीच रायफल, तेच छर्रे, दुसऱ्या अनुभवी हाताने चाळीस शॉट मारून घ्या. पोरीला नेमबाजी शिकवणाऱ्या सरांनी मारले. त्यांचाही ग्रुप बाविसाव्या शॉटच्या आसपास वर सरकला. दोन माणसांचा ग्रुप एकाच दिशेला, एकाच टप्प्यावर सरकत असेल तर दोष रायफलमध्ये आहे. दोन्ही टार्गेटवर तारीख, शॉट नंबर आणि रायफलचा नंबर लिहून ठेवा. दर दहा शॉटला टार्गेट बदला, नाहीतर एकाच कागदावर चाळीस भोकं पडतात आणि कोणतं कधीचं ते कळत नाही. आम्ही पहिल्यांदा हीच चूक केली आणि तो कागद फुकट गेला.

टेबलवर टेकवून मारून बघायचं असेल तर रायफल वाळूच्या पिशवीवर घट्ट दाबू नका. स्प्रिंगची रायफल छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच हलते, आधी मागे आणि मग पुढे धक्का देते. ती जशी धराल तशी उडते आणि तसा मारा बदलतो. उघड्या तळहातावर सैल टेकवा, दरवेळी त्याच जागी. हात पिशवीवर, रायफल हातावर.

छर्रे तपासा, पण त्यात फार दिवस घालवू नका. मोती चौकातल्या ओळखीच्या सराफाकडे मी एका डबीतले पन्नास छर्रे मिलिग्रॅमच्या काट्यावर घातले. अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा छर्रा, त्यात काहींमध्ये तीन सेंटीग्रॅमपर्यंत फरक निघाला. डबी बदलली, ग्रुप थोडा आवळला, पण सरकायचा थांबला नाही. छर्रे खराब असतील तर ग्रुप पहिल्या शॉटपासून फाटलेला असतो. वीस शॉटनंतर एका दिशेला सरकणं हे छर्ऱ्यांचं काम नव्हे.

नळीचं तोंड कापसाच्या काडीने आतून बाहेर पुसा. कुठे तंतू अडकला तर तिथे कूस आहे. आमचं तोंड स्वच्छ निघालं. नळी आणि मागचा भाग जिथे मिटतो तिथे टिश्यू पेपरची पट्टी ठेवून शॉट मारा. पट्टी उडाली तर ब्रीचचं सील हवा सोडतंय. आमची किंचित थरथरली, उडाली नाही.

आता खरी गोष्ट. अशा रायफलचा लाकडी स्टॉक (दस्ता) साधारण तीन-चार स्क्रूंनी धातूच्या भागाला धरलेला असतो. आमच्या रायफलला पुढे डावा-उजवा असे दोन आणि ट्रिगर गार्डला दोन. हे स्क्रू सैल झाले की प्रत्येक शॉटला धातूचा भाग लाकडात वेगळा हलतो आणि मारा भरकटतो. स्प्रिंगच्या रायफलमध्ये ग्रुप सरकण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. कंपनीच्या माणसाला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

स्क्रू सैल आहेत हे आम्हालाही माहीत होतं, दर दोन दिवसांनी आवळत होतोच. पण ते नेमके कधी आणि किती सुटतात हे कुणी पाहिलं नव्हतं. आमच्या कारखान्यात बोल्ट आवळला की त्याच्या डोक्यावरून खालच्या भागापर्यंत पेंटची एक रेघ मारतात. बोल्ट फिरला की रेघ तुटलेली दिसते. तेच इथे केलं. वहिनीची लाल नेलपॉलिश घेतली, चारही स्क्रू नीट बसणाऱ्या पेचकसाने हाताने पुरेसे आवळले, आणि स्क्रूच्या खाचेपासून वॉशरवरून लाकडापर्यंत केसाएवढी रेघ ओढली. रात्रभर वाळू दिली. सकाळी मोबाईल स्टँडवर लावून एका बाजूचा स्क्रू पूर्ण वेळ चित्रीत केला आणि पोरीला चाळीस शॉट मारायला सांगितलं.

दहाव्या शॉटला रेघ अखंड. अठराव्याला वॉशर आणि लाकडाच्या मध्ये केसभर चीर. सव्विसाव्याला रेघ सरळ तुटली, वरचा तुकडा एकीकडे, खालचा दुसरीकडे. चाळीस झाले तेव्हा पुढचा उजवा स्क्रू घड्याळाच्या काट्याने पाच मिनिटांइतका फिरलेला होता. तिने टार्गेट आणून शेजारी ठेवलं. ग्रुप सरकायला सुरुवात विसाव्या शॉटच्या आसपास. मग म्हणाली, “काका, म्हणजे मी नव्हे?”

स्क्रू का सुटतो? काढून बघितलं. वॉशर साधे, पातळ, सपाट. त्यांच्या खालचं लाकूड दबून खड्डा पडलेला, डेप्थच्या काडीने मोजला तर उजवीकडे अर्धा मिलिमीटरहून जास्त, डावीकडे त्याच्या निम्मा. लाकूड नीट वाळवलेलं नव्हतं. रायफल आम्ही पावसाळा संपता संपता घेतली, तेव्हा लाकूड फुगलेलं होतं आणि स्क्रू घट्ट वाटत होते. फेब्रुवारी-मार्चला साताऱ्याची कोरडी हवा सुरू झाली, लाकूड आकसलं, स्क्रूखालची पकड गेली. जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा रायफल पंधरा दिवस आपोआप बरी झाल्यासारखी वाटली आणि आम्ही फसलो. तुमचा त्रास ऋतूप्रमाणे कमी-जास्त होत असेल तर आधी लाकडावर संशय घ्या.

आणि आता ‘टेस्टेड ओके’चं कोडं. दुसऱ्या खेपेला रायफलबरोबर कंपनीने पाच शॉटचं टार्गेट जोडलं होतं, पाचही भोकं एकमेकांत मिसळलेली. ते बघून मी दोन दिवस गप्प बसलो होतो. मग सर्व्हिस सेंटरला विचारलं, मारता कसे? उत्तर मिळालं, स्टॉक काढून, धातूचा भाग शिकंज्यात धरून, पाच शॉट. दोष आहे लाकूड आणि धातूच्या जोडात. तपासणीत लाकूडच नाही. दोष दिसतो विसाव्या शॉटनंतर. तपासणी पाच शॉटची. अशा तपासणीत हा दोष शंभर वर्षं सापडणार नाही. त्यांनी खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. ग्राहक जसा माल वापरतो तसा तो तपासायचा असतो, हे शिकाऊ मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवतात, आणि एवढ्या जुन्या धंद्यात ते होत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. पहिल्या खेपेला तर न विचारता स्प्रिंग बदलून पाठवली होती, जिचा काही संबंधच नव्हता. तिसऱ्या खेपेला रायफल आली ती पीपचा पाया वाकवून.

स्क्रूचं निदान झालं तरी एक गोष्ट उरली होती. स्क्रू ताजे आवळलेले असतानाही कधीकधी एखादा शॉट डावीकडे वेगळाच जायचा. तो दोष पिव्हटचा निघाला, म्हणजे बॅरल ज्या बोल्टवर मोडते त्या सांध्याचा. बघायची पद्धत अशी: रायफल रिकामी ठेवून कॉक करा (बॅरल पूर्ण खाली ओढून स्प्रिंग दाबा), बॅरल घट्ट धरून, ट्रिगरपासून हात लांब ठेवून, अर्ध्या वाटेवर आणा. त्या जागी ती स्वतःच्या वजनाने खाली पडता कामा नये. आमची सावकाश खाली येत होती. मग बॅरल मिटवून तिचं टोक डावीकडे-उजवीकडे हलवलं तर सांध्यात किंचित खडखड लागली. फिलर गेजचं ०.१० मिलिमीटरचं पातं एका बाजूने सरळ आत गेलं.

ओपन साइटवर हे का दिसलं नाही? आमच्या रायफलच्या दोन्ही ओपन साइट, पुढचीही आणि मागचीही, बॅरलच्याच अंगावर आहेत. बॅरल हलली की दोन्ही तिच्याबरोबर हलतात, नेम आणि नळी एकत्र राहतात, चूक झाकली जाते. पीप मात्र मागे धातूच्या मुख्य भागावर बसते. मग सांध्याची ढिलाई सरळ टार्गेटवर उमटते. सर्व्हिस सेंटरचं म्हणणं होतं, “पीप लावल्यापासून बिघडलं म्हणजे पीपचाच दोष.” पीपने दोष आणला नाही, दोष उघडा पाडला. तुम्हालाही कुणी असं म्हणालं तर हा मुद्दा शांतपणे समजावून सांगा.

दुरुस्तीबद्दल. वॉरंटी चालू असेल तर लेखी परवानगी मिळेपर्यंत पिव्हटला हात लावू नका. स्क्रू आवळणं ठीक, पण वॉशर बदलायचं असेल तरी आधी ईमेल करा. सुटतोय म्हणून स्क्रू जिवाच्या आकांताने आवळू नका, लाकूड आणखी दबतं आणि पुढच्या वेळी लवकर सुटतं. फेविक्विक तर नकोच. स्क्रूच्या आट्यांवरचं तेल थिनरने पुसून मध्यम ताकदीच्या थ्रेड लॉकरचा (आटे धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब धातूच्या आट्यांवर, तेवढं चालतं, पण लाकूड दबत असेल तर तो थेंब महिनाभराचा सोबती. खरा उपाय म्हणजे लाकडावरचा भार पसरवणारा रुंद, वाटीच्या आकाराचा पोलादी वॉशर.

आता कंपनीशी वागायचं कसं, कारण दोष सापडूनही दीड महिना त्यातच गेला. मी आधी तीन वेळा फोनवर भांडलो. काही निघालं नाही, आणि भांडल्याचा पुरावाही उरला नाही. चौथ्या वेळी फोन केलाच नाही. एक ईमेल लिहिला, त्यात राग एक ओळही नाही. रायफलचा नंबर, बिलाची तारीख, तीन वेळा पाठवल्याच्या तारखा, तिन्ही सर्व्हिस स्लिपचे फोटो, दोन वेगवेगळ्या माणसांची टार्गेट, नेलपॉलिशच्या रेघेचा व्हिडिओ, आणि शेवटी एक मागणी: स्टॉकसकट, हातात धरून, चाळीस शॉट मारा आणि दर दहा शॉटचं टार्गेट पाठवा. दोष शब्दांत सांगितला की ते शब्दांत उडवून लावतात. चाचणी दिली की त्यांना एकतर ती करावी लागते किंवा करत नाही असं लिहून द्यावं लागतं.

आठ दिवस उत्तर नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ नंबरवर, तक्रार नोंदवली. मराठीत बोलता येतं. तरीही टाळाटाळ झाली तेव्हा पंधरा दिवसांची नोटीस पाठवली. बऱ्याच जणांना वाटतं, कंपनी परराज्यात, कुठे कोर्टाच्या चकरा मारणार. तसं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९प्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. साताऱ्याच्या माणसाने साताऱ्यात, सांगलीच्या माणसाने सांगलीत. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ई-जागृती पोर्टलवरून घरी बसून अर्ज भरता येतो. वस्तूतला दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग ती प्रयोगशाळेत पाठवू शकतो. ही शेवटची गोष्ट मी नोटिशीत मुद्दाम लिहिली. माझ्या मते त्याच ओळीने काम केलं.

कुरिअरचाही एक घोर असतो. काउंटरवर ‘बंदूक’ शब्द ऐकला की पार्सल घेत नाहीत. पोवई नाक्यावरून मला दोन ठिकाणांहून परत यावं लागलं. ‘स्पोर्ट्स एअर रायफल, दुरुस्तीसाठी’ असं लिहा, बिलाची प्रत आणि कंपनीचा बोलावल्याचा ईमेल पार्सलला बाहेरून लावा. पॅक करताना पीप काढून ठेवा, ती पाठवायची गरज नसते. तिसऱ्या खेपेला मी काढली नाही आणि पाया वाकून आला. पॅक करण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा.

नोटिशीनंतर बाराव्या दिवशी फोन आला, या वेळी वरच्या माणसाचा. त्याने व्हिडिओ बघितला होता. मला वाटलं परत रायफल मागवतील. पण त्याने वाटीचे चार वॉशर, नवा पिव्हट बोल्ट आणि शिम (सांध्यातली फट भरणारी पातळ चकती) टपालाने पाठवायची तयारी दाखवली आणि स्थानिक फिटरकडून बसवल्यास वॉरंटी जाणार नाही असं माझ्या आग्रहाखातर ईमेलवर लिहून दिलं. सामान सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आलं. एमआयडीसीतल्या आमच्या जुन्या फिटरने अर्ध्या दिवसात बसवलं. आता ०.०५चं पातंसुद्धा सांध्यात शिरत नाही, आणि बॅरल अर्ध्या वाटेवर सोडली की तिथेच थांबते.

नवी रेघ ओढून पोरीने एका रविवारी साठ शॉट मारले. चारही रेघा अखंड राहिल्या. ग्रुप सरकला नाही, फाटलाही नाही. पाऊस संपून हवा कोरडी झाली की परत साठ मारून बघणार आहोत, कारण लाकूड तेच जुनं आहे आणि त्याचा भरवसा मला अजून नाही. रेघ तोवर तशीच ठेवली आहे.

एक काम बाकी आहे. सामानाबरोबर आलेल्या स्लिपवर दोषाच्या रकान्यात फक्त ‘जनरल सर्व्हिस’ लिहिलंय. दोष काय होता ते शब्दांत लिहून द्या, असं मी परत मागितलंय. ते कागदावर आलं तर याच रायफलच्या दुसऱ्या कुणाला फोनवर ‘नेम बसायला वेळ लागतो’ हे ऐकावं लागणार नाही, निदान तो कागद दाखवता येईल. दर सोमवारी एक आठवणीचा ईमेल टाकतोय.